अल्कीनचं समघटकीकरण आणि मेटाथिसिस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रयोगशाळेत 'समघटकीकरण' कोणी म्हणत नाही, 'आयसोमरायझेशन'च म्हणतात. इथे दोन्ही शब्द एकाच अर्थाने येतील. प्रश्न बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे आणि नव्याने संशोधनाला लागलेल्यांचे आहेत, काही कारखान्यातल्या मंडळींचे. एकच शंका पाच तऱ्हांनी आली असेल तर उत्तर एकदाच दिलंय, बाकी ठिकाणी त्याचा क्रमांक. सगळ्यात जास्त पत्रं येतात ती प्रश्न १२ वरून. अभिक्रिया बिघडून बसली असेल आणि वाचायला वेळ नसेल, तर आधी तिकडेच जा.

१. ऑलेफिन आणि अल्कीन एकच ना? मग दोन नावं कशाला?

एकच, कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेला रेणू. 'अल्कीन' हे पाठ्यपुस्तकातलं नाव, 'ऑलेफिन' हे जुनं आणि कारखान्यात टिकून राहिलेलं. १७९५ मध्ये चार डच रसायनतज्ज्ञांनी इथीन आणि क्लोरीन एकत्र केले, तेव्हा तेलासारखा द्रव मिळाला. तो १,२-डायक्लोरोइथेन होता. त्यावरून इथीनला 'तेल करणारा वायू' म्हणू लागले आणि पुढे त्या शब्दातूनच ऑलेफिन आलं. मेटाथिसिस (अल्कीनांचे अर्धे भाग आपसांत बदलणारी अभिक्रिया, प्रश्न २) पेट्रोलियम कंपन्यांच्या प्रयोगशाळांत जन्मली, म्हणून तिच्या नावाला अजूनही 'ऑलेफिन' चिकटलेलं आहे.

२. दोन्ही अभिक्रियांत दुहेरी बंधच हलतो. मग फरक काय?

रेणुसूत्र तपासा, फरक लगेच कळतो. १-ब्यूटीन घ्या. त्याचं समघटकीकरण झालं तर २-ब्यूटीन मिळतं. कार्बन चार होते, चारच राहिले, फक्त दुहेरी बंध एक घर सरकला. त्याच १-ब्यूटीनची मेटाथिसिस झाली तर दोन रेणू मधोमध उघडतात आणि अर्धे भाग आपसांत बदलतात. मिळतं इथीन आणि ३-हेक्झीन, म्हणजे दोन कार्बनांचा एक रेणू आणि सहा कार्बनांचा दुसरा. समघटकीकरण हे घरातल्या घरात सामान हलवणं आहे, मेटाथिसिस ही दोन घरांमधली अदलाबदल.

'मेटाथिसिस तर आम्ही सिल्व्हर नायट्रेट आणि सोडियम क्लोराइडसाठी शिकलो', असंही कोणीतरी दरवर्षी लिहितं. शब्द तोच आहे, ग्रीकमधला, अर्थ स्थानांची अदलाबदल. क्षारांमध्ये आयन बदलतात, इथे कार्बनचे तुकडे. ऑलेफिनसाठी हे नाव गुडइअर कंपनीतल्या निसीम काल्डेरॉन यांनी १९६७ मध्ये वापरलं.

३. दुहेरी बंध आतच का सरकतो? टोकाला का राहत नाही?

कारण आत गेल्यावर ऊर्जा कमी होते. १-ब्यूटीनला हायड्रोजन जोडला की मोलमागे सुमारे १२७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, सिस-२-ब्यूटीनला (गट बंधाच्या एकाच बाजूला) जोडला की १२०, आणि ट्रान्स-२-ब्यूटीनला (गट विरुद्ध बाजूंना) ११६. तिन्हींपासून शेवटी तेच ब्यूटेन बनतं. म्हणजे ज्यातून उष्णता कमी निघाली ते मुळातच खालच्या पायरीवर होतं. ११ किलोज्यूलचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण खोलीच्या तापमानाला समतोलात १-ब्यूटीन थोड्या टक्क्यांपुरतंच उरतं. तापमान वाढवलं तर त्याचा वाटा वाढतो.

इथे एक गैरसमज हमखास होतो. बंध 'आत सरकतो' म्हणजे तो २ क्रमांकावर जाऊन थांबतो असं नाही. १-ऑक्टीन मोकळं सोडलं तर २-, ३- आणि ४-ऑक्टीन यांचं मिश्रण मिळतं, कारण आतल्या जागांच्या ऊर्जेत फारसा फरक नसतो. बंधाला एका जागी थांबायला काहीतरी कारण लागतं. ते कारण म्हणजे बेंझीन वलयाशी किंवा कार्बोनिलशी संयुग्मन (एकाआड एक दुहेरी बंधांची सलग साखळी), किंवा जास्त प्रतिस्थापित जागा. युजेनॉलचं आयसोयुजेनॉल होताना बंध वलयाला लागून बसतो आणि मग तिथून हलत नाही. मिथिलीनसायक्लोहेक्झेनमधला बाहेरचा बंध आत येऊन १-मिथिलसायक्लोहेक्झीन होतं, ते दुसऱ्या कारणाने.

४. धातूचा उत्प्रेरक हा बंध सरकवतो कसा?

मुख्य वाटा दोन आहेत. पहिली हायड्राइडची. धातूवर आधीच हायड्रोजन बसलेला असतो. तो दुहेरी बंधाच्या एका कार्बनवर जातो आणि धातू दुसऱ्यावर चिकटतो. मग धातू पलीकडच्या शेजारी कार्बनवरचा हायड्रोजन उचलून घेतो आणि रेणू सोडून देतो. बंध एक घर सरकलेला असतो आणि धातूकडे पुन्हा हायड्राइड असतोच, फक्त हा हायड्रोजन वेगळा असतो.

दुसरी वाट अॅलिलची. इथे धातू रिकाम्या हाताने येतो. दुहेरी बंधाला धरतो, शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन स्वतःकडे ओढतो, तीन कार्बनांवर पसरलेला अॅलिल गट तयार होतो, आणि मग तोच हायड्रोजन दुसऱ्या टोकाला परत ठेवला जातो. आयर्न कार्बोनिल हे याचं नेहमीचं उदाहरण.

दोन्हींतला फरक ड्युटेरिअमने, म्हणजे खुणेसाठी वापरायच्या जड हायड्रोजनने, ओळखता येतो. ड्युटेरिअम असलेलं आणि नसलेलं अल्कीन एकत्र घालून अभिक्रिया करा. खूण एका रेणूतून दुसऱ्यात गेली तर हायड्राइडची वाट. ती त्याच रेणूत एक कार्बन सोडून पुढच्या कार्बनवर गेली तर अॅलिलची. तोंडी परीक्षेत हा प्रश्न येतो आणि बहुतेक जण वाटा धडाधड सांगतात, खूण कुठे जाईल तिथे घोडं अडतं.

हा बंध किती लांब चालू शकतो? २००७ मध्ये प्रकाशित झालेल्या एका रूथेनिअम उत्प्रेरकाला 'अल्कीन झिपर' असं नाव मिळालं. त्याने दुहेरी बंध साखळीवरून तब्बल ३० जागा चालवत नेला.

५. साधं आम्ल घालून चालणार नाही का?

बंध सरकेल, पण त्याबरोबर नको त्या गोष्टीही होतील. आम्लाने कार्बोकॅटायन (धन प्रभार असलेला कार्बन) तयार होतो, आणि तो सरकायला लागला की सांगाडाही बदलतो, शिवाय रेणू एकमेकांना चिकटून बहुवारिक व्हायला लागतात. हे नेहमीच वाईट असतं असं मात्र नाही. सरळ ब्यूटीनपासून फांदी असलेलं आयसोब्यूटीन हवं असेल तर फेरिएराइट नावाचा झिओलाइट मुद्दाम हेच करायला वापरतात. अल्कलीने होणारं समघटकीकरण त्या मानाने सभ्य असतं, पण शेजारचा हायड्रोजन काढता येण्याइतका आम्लधर्मी असावा लागतो.

६. मेटाथिसिसमध्ये कार्बन-कार्बन दुहेरी बंध खरंच अख्खा तुटतो का?

हो, दोन्ही बंध तुटतात. आणि हे पटायला रसायनतज्ज्ञांनाही वेळ लागला. सुरुवातीची कल्पना अशी होती की दोन अल्कीन धातूवर समोरासमोर येतात, चार कार्बनांचं सायक्लोब्युटेनसारखं काहीतरी होतं आणि ते आडवं उघडतं. म्हणजे जोडीने येणं, जोडीने जाणं.

फ्रान्सच्या पेट्रोलियम संस्थेत इव्ह शोव्हँ आणि झाँ-लुई एरिसाँ यांनी यावर एक फार सुंदर प्रयोग केला. त्यांनी सायक्लोपेंटीन आणि २-पेंटीन एकत्र घेतले. २-पेंटीनचे अर्धे भाग दोन कार्बनांचे आणि तीन कार्बनांचे. अदलाबदल जोडीने होत असती, तर सुरुवातीला फक्त २+५+३, म्हणजे १० कार्बनांचं उत्पादन दिसायला हवं होतं. प्रत्यक्षात ९, १० आणि ११ कार्बनांची उत्पादनं पहिल्यापासूनच साधारण १:२:१ या प्रमाणात आली. याचा अर्थ अर्धे भाग एकेकटे फिरत होते. त्यांना कोणीतरी उचलून नेत होतं.

तो उचलणारा म्हणजे धातू-कार्बीन, ज्यात धातू आणि कार्बन यांच्यात दुहेरी बंध असतो. १९७१ च्या त्यांच्या निबंधातली यंत्रणा अशी : धातू-कार्बीनच्या दुहेरी बंधावर अल्कीन येऊन बसतं, धातू आणि तीन कार्बन यांचं चार-सदस्यी वलय होतं, आणि ते वलय दुसऱ्या बाजूने उघडतं. नवं अल्कीन सुटतं आणि धातूच्या हातात नवा अर्धा भाग उरतो, जो तो पुढच्या रेणूकडे नेतो. २००५ चं रसायनशास्त्राचं नोबेल शोव्हँ, रॉबर्ट ग्रब्ज आणि रिचर्ड श्रॉक यांना मिळालं, तेव्हा नोबेल समितीने हे जोड्या बदलणाऱ्या नर्तकांच्या रूपात समजावलं होतं. उपमा चांगली आहे. पण त्यात धातूही नाचणाऱ्यांपैकीच एक आहे हे विसरलात तर यंत्रणा पुन्हा 'जोडीने' काढाल. उत्तरपत्रिकांत ती चूक अजून दिसते.

७. सगळी पावलं उलट जाऊ शकतात, तर हवं ते उत्पादन मिळतं कसं?

समतोलाला एका बाजूला ढकलावं लागतं. त्याच्या तीन युक्त्या आहेत.

सर्वांत सोपी म्हणजे इथीन उडवून लावणं. दोन टोकांना दुहेरी बंध असलेल्या डायीनचं वलय करताना इथीन सुटतं. ते वायू आहे, निघून गेलं की परत येत नाही. म्हणून फ्लास्क घट्ट बंद करू नका. नायट्रोजन किंवा आर्गॉनचा हलका प्रवाह सोडा, किंवा थोडा निर्वात लावा. दुसरी युक्ती वलयातल्या ताणाची. नॉर्बोर्निन, सायक्लोऑक्टीन यांसारखी ताणलेली वलयं उघडली की ताण सुटतो, म्हणून ती उघडून बहुवारिक होतात. नॉर्बोर्निनचं असं बहुवारिक फ्रान्समध्ये १९७६ पासून 'नॉरसोरेक्स' नावाने बाजारात आलं. सायक्लोहेक्झीनमध्ये ताण जवळजवळ नाहीच, म्हणून ते या मार्गाने बहुवारिक होत नाही. 'आमचं सायक्लोहेक्झीन का उघडत नाही, उत्प्रेरक खराब आहे का?' या पत्राचं उत्तर हेच. उत्प्रेरकाचा दोष नाही.

तिसरी युक्ती, एक घटक भरपूर जास्त घेणं, प्रश्न १० मध्ये आहे.

८. उत्प्रेरक कोणता घेऊ? ग्रब्ज एक, दोन, होवेडा, श्रॉक… यादी संपतच नाही.

आधी रेणूकडे बघा, कॅटलॉगकडे नंतर. श्रॉक यांचे मॉलिब्डेनमचे उत्प्रेरक फार तडफदार आहेत, पण हवा आणि ओलावा त्यांना अजिबात चालत नाही, म्हणजे ग्लोव्हबॉक्स आलाच. रूथेनिअमवाले सोशिक आहेत. अल्कोहोल, कार्बोक्सिलिक आम्ल, थोडं पाणी त्यांना चालतं.

ग्रब्ज पहिली पिढी (१९९५) सौम्य आहे. टोकाच्या साध्या अल्कीनसाठी पुरते, आणि बंध इकडेतिकडे सरकवण्याची खोड तिच्यात कमी आहे. दुसऱ्या पिढीत (१९९९) धातूला धरणाऱ्या एका फॉस्फीनच्या (फॉस्फरसवाल्या गटाच्या) जागी एन-हेटरोसायक्लिक कार्बीन हा दुसरा गट आला. तिने तीन प्रतिस्थापक असलेली अल्कीनं आणि अॅक्रिलेटसारखी इलेक्ट्रॉन-दरिद्री अल्कीनंही आवाक्यात आणली. होवेडा-ग्रब्जच्या दुसऱ्या पिढीत फॉस्फीन नाहीच. ईथरचा ऑक्सिजन धातूला धरून ठेवतो, म्हणून तो उत्प्रेरक टिकाऊ आहे आणि कधी कधी कॉलममधून परतही मिळतो. माझं मत विचाराल तर काहीच माहीत नसताना पहिला प्रयत्न होवेडा-ग्रब्ज दुसऱ्या पिढीने करा. साध्या वलयबंदीला १ ते ५ मोल टक्के (दर शंभर रेणूंमागे उत्प्रेरकाचे तेवढे) पुरेसे असतात. दहा लागत असतील तर उत्प्रेरक वाढवण्याऐवजी रेणूत काय अडतंय ते शोधा.

बहुतेकदा अडतो तो मोकळा अमीन किंवा थायोल. अमीनचा क्षार करून घ्या किंवा त्याला कार्बामेटने झाका, आणि मग बघा.

९. मोठं वलय बंद करायला गेलो तर डिंकासारखा पदार्थ मिळाला. का?

द्रावण घट्ट असणार. साखळीच्या दोन टोकांची गाठ पडण्याआधी शेजारच्या रेणूचं टोक सापडलं, आणि वलयाऐवजी लांब माळ झाली. आतली भेट रेणूच्या संहतीवर अवलंबून नसते, बाहेरची असते, म्हणून पातळ करत गेलात की आतली जिंकते. १४ ते १६ सदस्यांच्या वलयासाठी ०.०१ मोलर किंवा त्याहून पातळ ही नेहमीची सुरुवात.

प्रयोगशाळेत हे ठीक आहे, पण कारखान्यात इतकं द्रावक कोण हाताळणार? हेपॅटायटिस सी साठी बनवलेल्या सिलुप्रेव्हिर या औषधाचं १५-सदस्यी वलय मेटाथिसिसने मोठ्या प्रमाणावर केलं गेलं, तेव्हा हीच अडचण आली. तोडगा रेणूतूनच निघाला. एका अमाइडच्या नायट्रोजनवर बॉक हा झाकणारा गट बसवला, रेणूचा आकार वळला, टोकं जवळ आली, आणि त्याच अभिक्रियेला कितीतरी घट्ट द्रावण चालू लागलं. पातळ करण्याआधी टोकं जवळ आणणारं काही रेणूत करता येतं का हे तपासणं जास्त फायद्याचं ठरतं.

१०. दोन वेगवेगळी टोकाची अल्कीनं जोडायची आहेत. ५० टक्क्यांच्या वर उत्पादन जातच नाही.

दोघांचा स्वभाव सारखा असेल तर गणितच तसं आहे. अ आणि ब समप्रमाणात घेतले तर अ-अ, अ-ब, ब-ब असे तीन प्रकार १:२:१ ने येणार. अ-ब चा वाटा निम्मा. एक घटक दहापट घेतला तर हवं ते उत्पादन ९० टक्क्यांच्या आसपास जातं, पण दहापट वाया घालवायला घटक स्वस्त हवा.

त्यापेक्षा स्वभाव वेगळे असलेली जोडी निवडा. अॅक्रिलेट स्वतःशी सहसा जोडलं जात नाही, पण साध्या टोकाच्या अल्कीनशी आनंदाने जोडलं जातं. साध्या अल्कीनची स्वतःशी झालेली जोडी पुन्हा उघडून कामाला लागू शकते, म्हणून शेवटी बहुतेक माल अ-ब मध्येच जमा होतो, तोही जवळजवळ पूर्ण ई (ट्रान्स) रूपात. स्टायरीन मात्र यात अॅक्रिलेटइतकं गुणी नाही.

११. ई आणि झेड यांचं मिश्रण येतं. फक्त झेड (सिस) हवं असेल तर?

साधे उत्प्रेरक समतोलाकडे नेतात आणि समतोलाला ई आवडतं. दोन साध्या साखळ्यांमधल्या बंधात पुष्कळदा ई ८० टक्क्यांच्या आसपास असतं. पाच ते सात सदस्यांच्या वलयात हा प्रश्नच नाही, तिथे झेडशिवाय काही बसतच नाही. मोठ्या वलयात काय येईल हे त्या त्या वलयावर अवलंबून असतं, आधी सांगणं धाडसाचं.

झेड हवं असेल तर मॉलिब्डेनम आणि टंगस्टनचे खास उत्प्रेरक आहेत, आणि २०११ पासून रूथेनिअमचेही. त्यांच्यात लिगँड (धातूला चिकटलेले गट) इतके दाटीवाटीने बसवलेले असतात की चार-सदस्यी वलयातले दोन्ही गट एकाच बाजूला राहायला भाग पडतात. पण अभिक्रिया वेळेत थांबवा. रात्रभर तशीच ठेवली तर कमावलेलं झेड हळूहळू ई होत जातं. दुसरी वाट अल्काइनची आहे : आधी अल्काइन मेटाथिसिसने वलय बंद करा, मग लिंडलार उत्प्रेरकाने अर्धं हायड्रोजनेशन. लांबची आहे, पण भरवशाची.

१२. जीसी-एमएसमध्ये (घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान दाखवणाऱ्या यंत्रात) हव्या त्या उत्पादनापेक्षा १४ ने कमी वस्तुमानाचं शिखर दिसतं. हे कुठून आलं?

एक मिथिलीन गट हरवला आहे, आणि तो चोरणारा आहे समघटकीकरण. अभिक्रिया मेटाथिसिसची होती, पण मध्येच कोणीतरी दुहेरी बंध एक घर आत सरकवला.

१,७-ऑक्टाडायीनवर बघू. सगळं नीट झालं तर सायक्लोहेक्झीन मिळतं, वस्तुमान ८२, आणि इथीन सुटतं. पण वलय बंद होण्याआधी एका टोकाचा बंध सरकला, तर हातात १,६-ऑक्टाडायीन येतं. त्याचं वलय बंद झालं की सायक्लोपेंटीन, वस्तुमान ६८, आणि इथीनऐवजी प्रोपीन सुटतं. हाच प्रकार जोडणीतही होतो. १-ऑक्टीनच्या दोन रेणूंपासून १४ कार्बनांचं अल्कीन हवं असतं, पण एक रेणू आधी २-ऑक्टीन झाला असेल तर १३ कार्बनांचं मिळतं. पुन्हा १४ चाच फरक.

मग हे करतं कोण? उत्प्रेरकाचं मढं. ग्रब्ज उत्प्रेरक जिवंत असताना कार्बीन असतो. तो मोडला की त्याच्यापासून रूथेनिअम हायड्राइड तयार होऊ शकतात, आणि हायड्राइड काय करतो ते प्रश्न ४ मध्ये आहे. म्हणूनच हा त्रास दुसऱ्या पिढीत, जास्त तापमानाला, लांबलेल्या अभिक्रियेत आणि मिथेनॉलसारख्या अल्कोहोलच्या सान्निध्यात जास्त दिसतो. दुपारी चारला नमुना स्वच्छ होता आणि सकाळी घाण झाला, अशी तक्रार असेल तर समजून जा.

आता थोडी चौकशी करा. कमी झालेलं वस्तुमान १४ च्या पटीत असेल तर बंध मेटाथिसिसच्या आधी किंवा अधेमधे सरकला. वस्तुमान बरोबर आहे पण शिखरं दोन-तीन आहेत, तर उत्पादन झाल्यावर सरकला असण्याची शक्यता मोठी, अर्थात ई-झेडची जोडी आधी वगळून. प्रोटॉन एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन कुठे आहेत ते दाखवणाऱ्या वर्णपटात) १.६ ते १.७ पीपीएमला, दुहेरी बंधाला लागलेल्या मिथिलचं दुभंगलेलं शिखर उगवलं का तेही बघा. टोकाचा बंध सरकल्याची ती खूण असते.

उपाय : १,४-बेंझोक्विनोन, १० मोल टक्के. ग्रब्ज यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवलं की क्विनोन किंवा असेटिक आम्ल घातलं की हे सरकणं बहुतांशी थांबतं, कारण हायड्राइड तयार झाला की लगेच अडकवला जातो. क्लोरीन लावलेली, इलेक्ट्रॉन-दरिद्री क्विनोनं आणखी चांगली. एवढं करूनही भागलं नाही तर तापमान उतरवा, उत्प्रेरक एकदम न घालता टप्प्याटप्प्याने घाला, आणि होत असेल तर पहिल्या पिढीकडे परता. एक लक्षात ठेवा, सरकून गेलेला बंध क्विनोन परत आणत नाही. ते पहिल्या मिनिटालाच घालायचं असतं.

१३. म्हणजे समघटकीकरण हा मेटाथिसिसचा शत्रूच?

फ्लास्कमध्ये बहुधा शत्रू, कारखान्यात मात्र पुष्कळदा भागीदार.

शेलच्या हायर ऑलेफिन प्रक्रियेत निकेल उत्प्रेरकाने इथीनच्या माळा ओवतात. सम संख्येच्या कार्बनांची टोकाची अल्कीनं मिळतात, पण सगळ्या लांबीची. मधल्या लांबीची डिटर्जंटसाठी विकली जातात. फार आखूड आणि फार लांब उरतात, त्यांचं काय करायचं? नुसती मेटाथिसिस करून बघू. १-ब्यूटीनचे अर्धे भाग १ आणि ३ कार्बनांचे, २० कार्बनांच्या टोकाच्या अल्कीनचे १ आणि १९. यांच्या जोड्या लावा : २, ४, ६, २०, २२, ३८. मधलं एकही नाही. आता दोघांचं आधी समघटकीकरण करा. २-ब्यूटीनचे अर्धे भाग २ आणि २, आणि १०-आयकोसीनचे १० आणि १०. अदलाबदल केली की १२ कार्बनांचं अल्कीन, अगदी हवं तेवढं. आधी बंध आत ढकलणं ही तिथे चूक नसून सगळा डाव त्यावरच उभा आहे. निकेलचं मूळ संशोधन विल्हेल्म काइम यांचं, १९६८ चं, आणि पहिला कारखाना लुइझियानातल्या गाइस्मारमध्ये १९७७ मध्ये सुरू झाला.

प्रोपीनची गोष्ट आणखी गमतीची. फिलिप्स पेट्रोलियममधल्या बँक्स आणि बेली यांनी १९६४ मध्ये प्रोपीनपासून इथीन आणि ब्यूटीन मिळाल्याचं प्रसिद्ध केलं. त्यावर माँट्रिऑलजवळ १९६६ ते १९७२ कारखाना चालला. तेव्हा प्रोपीन नकोसं होतं. आज प्रोपीनलाच मागणी आहे, म्हणून तीच अभिक्रिया उलटी चालवतात : इथीन आणि २-ब्यूटीन घालायचं, प्रोपीन काढायचं. इथे १-ब्यूटीन निरुपयोगी. इथीनशी अदलाबदल करून त्यातून पुन्हा १-ब्यूटीन आणि इथीनच येतं. म्हणून सिलिकावरच्या टंगस्टन ऑक्साइडच्या जोडीला त्याच भट्टीत मॅग्नेशिअम ऑक्साइड ठेवतात. ते १-ब्यूटीनला २-ब्यूटीन करत राहतं आणि मेटाथिसिस ते संपवत राहते.

१४. उलट करता येतं का? आतला बंध टोकाकडे आणायचा आहे.

समतोलाच्या भरवशावर नाही. पण टोकाला पोहोचलेल्या थोड्याशा अंशाला कोणीतरी पटकन पकडलं तर हळूहळू सगळाच माल तिकडे ओढला जातो. आतल्या अल्कीनपासून सरळ साखळीचा अल्डिहाइड मिळवणारं हायड्रोफॉर्मिलेशन असंच चालतं.

नायलॉनसाठी लागणाऱ्या अॅडिपोनायट्राइलच्या प्रक्रियेत ही गोष्ट आणखी चलाखीने होते. ३-पेंटीननायट्राइलमधला बंध सायनो गटाकडे सरकून संयुग्मित होऊ शकतो, आणि ऊर्जेच्या हिशोबाने त्याने तेच करायला हवं. पण निकेल उत्प्रेरक त्याला ४ क्रमांकाकडे, टोकाला, जास्त वेगाने नेतो, आणि तिथे दुसरा हायड्रोजन सायनाइड जोडला जातो. समतोल यायच्या आत काम उरकलेलं असतं.

ई पासून झेड करायचं असेल तर प्रकाश वापरा. प्रकाशसंवेदक ऊर्जा ई रूपाला सहज देतो, कारण ते सपाट आणि संयुग्मित असतं. झेड पिळवटलेलं असतं, त्याला ती ऊर्जा तितकीशी घेता येत नाही. म्हणून माल झेडमध्ये साठत जातो. साध्या, संयुग्मन नसलेल्या अल्कीनवर हे चालत नाही.

१५. समघटकीकरणात असममितता आणता येते का?

येते, आणि त्याचं उत्तम उदाहरण मेंथॉल. जपानच्या ताकासागो कंपनीत मर्सीनपासून डायइथिलजेरानिलअमीन बनवतात. त्यावर रोडिअम आणि बिनॅप या एका हाताच्या (असममित) लिगँडचा उत्प्रेरक बंध सरकवतो, आणि सरकवताना नवा असममित कार्बन तयार होतो. मिळालेल्या इनॅमिनचं पाण्याने विघटन केलं की आर-सिट्रोनेलल मिळतं, ९८ टक्क्यांच्या आसपास शुद्ध हाताचं. निसर्गात मिळणारं सिट्रोनेलल याबाबतीत ८० टक्क्यांच्या आसपास अडकतं. पुढे झिंक ब्रोमाइडने वलय आणि मग हायड्रोजनेशन.

बिनॅपवाल्या र्योजी नोयोरी यांना २००१ चं नोबेल असममित हायड्रोजनेशनसाठी मिळालं. हे समघटकीकरण मला त्याहून सुंदर वाटतं. रेणूत काहीच घातलं नाही, काहीच काढलं नाही, फक्त एक हायड्रोजन दोन घरं पलीकडे ठेवला.

१६. अॅलिल ईथरने अल्कोहोल झाकलंय. ते काढायला समघटकीकरण कसं मदत करतं?

विल्किन्सन उत्प्रेरक (रोडिअमचा) आणि डाबको (एक अमीन) घालून तापवा. बंध सरकून अॅलिलचं प्रोपेनिल ईथर होतं, म्हणजे व्हिनिल ईथरच, आणि ते सौम्य आम्लात सुटतं. अल्कोहोल मोकळं. मात्र त्याच रेणूत दुसरं टोकाचं अल्कीन असेल तर तेही सरकू शकतं. रेणूत मेटाथिसिस पुढे करायची असेल तर हा क्रम चुकवू नका, नाहीतर प्रश्न १२ तुमची वाट बघत असतो.

१७. मेटाथिसिस थांबवायची कशी, आणि काळा रूथेनिअम काढायचा कसा?

थांबवायला इथिल व्हिनिल ईथर, भरपूर. धातू त्याच्याशी अदलाबदल करतो आणि ऑक्सिजन लागलेलं असं कार्बीन होतं की ते पुढे फारसं काही करत नाही. थांबवल्याशिवाय द्रावक उडवू नका. संहती वाढते, उत्प्रेरक अजून जागा असतो, आणि पातळ ठेवून मिळवलेलं वलय रोटाव्हेपवर (द्रावक उडवण्याच्या यंत्रावर) पुन्हा उघडतं. प्रश्न ९ मधला डिंक काही वेळा इथे तयार होतो आणि दोष मात्र अभिक्रियेला दिला जातो.

रूथेनिअमसाठी पाण्यात विरघळणारं ट्रिस(हायड्रॉक्सिमिथिल)फॉस्फीन घालून धुतात, किंवा डीएमएसओ हे द्रावक घालून सिलिकातून, किंवा कोळशावरून काढतात. एकाने भागत नाही, बहुधा दोन करावे लागतात. औषधाच्या रेणूत हे चैनीचं काम नाही : औषधांतल्या धातूंसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत तोंडावाटे रूथेनिअमची मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम आहे.

१८. अल्केनची मेटाथिसिस होते असं वाचलं. दुहेरी बंधच नाही, मग बदलतं काय?

बंध उसना आणतात. २००६ मध्ये गोल्डमन आणि ब्रुकहार्ट यांच्या गटांनी दोन उत्प्रेरक एकाच भांड्यात ठेवले. इरिडिअमचा उत्प्रेरक अल्केनमधून हायड्रोजन काढून अल्कीन करतो, श्रॉकचा मॉलिब्डेनम त्या अल्कीनची अदलाबदल करतो, आणि मग इरिडिअम तोच हायड्रोजन परत लावून टाकतो. कागदावर हेक्झेनपासून इथेन आणि डेकेन मिळायला हवेत. प्रत्यक्षात मधल्या लांबीची अल्केनंही येतात, कारण ते अल्कीन मोकळं असतं तेवढ्यात इरिडिअम त्याचा बंध सरकवतो.